मेल्या छत्र्यांची खोळ

नगर जिल्ह्यात पाऊस पडतो की नाही याबद्दल दुमत होऊ शकेल, पण पडलाच तर तो माझ्या सासऱ्यांवर पडत नाही, याबद्दल आमच्या भिंगारमध्ये दुमत नाही. आबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. उभी नोकरी त्यांनी सायकलवरून केली. भिंगारहून निघायचं, अख्खं नगर ओलांडायचं आणि पार दुसऱ्या टोकाला कारखान्याच्या फाटकात उतरायचं. एवढ्या वर्षांत आपल्या सदऱ्याला पावसाचा थेंब लागला नाही, असं ते सांगतात. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं लग्नाकार्यात भेटली की तीही हेच सांगतात, फक्त जरा वैतागून. कारण धो धो पावसात बाकीचे कामगार कुडकुडत, पँटी पिळत उभे असायचे, आणि आबा इस्त्रीच्या सदऱ्यात त्यांच्यामधून जाताना विचारायचे, "बाहेर पडतोय व्हय?"

हा माणूस कोकणात जन्मला असता तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. पण आमच्याकडे मे महिन्यात बायका टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभ्या असतात, आणि नेमकं तेव्हाच आबा पावसाळ्याचा सगळा संसार अंगणात मांडून बसतात. बंद ओढून बघायचे, शिवणी उजेडाकडे धरून बघायच्या, सायकलच्या मडगार्डला टिचक्या मारायच्या. एकदा त्यांनी सगळा पोशाख चढवला, अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "वत जरा बादलीभर, गळती बघू." टँकरचं पाणी होतं ते. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, त्यांच्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि बादली उचलून आत नेऊन मोरीचं दार लावून घेतलं. चर्चमध्ये जलप्रलयाचा पाठ वाचला जाऊ लागला की पुढची बाकं अजूनही मागे वळून आमच्या बाकाकडे बघतात. आबा अशा वेळी डोळे मिटून घेतात, पण मान डोलवतात.

दुकानातला रेनकोट हा त्यांचा जन्माचा वैरी. "रेनकोटात मानूस भाईरून कोरडा ऱ्हातो आन आतून भिजतो," ते म्हणतात, "घामाचं पानी काय न् पावसाचं काय, सदऱ्याला कळतं व्हय?" म्हणून त्यांनी स्वतःची खोळ शिवली. शेतकरी पोत्याची करून डोक्यावर घेतात तशीच, पण मेलेल्या छत्र्यांच्या कापडाची. आमच्या नात्यागोत्यात कोणाचीही छत्री मोडली की ती फेकायची नाही, आबांकडे पोचवायची, असा दंडकच आहे. आबा तिच्या काड्या सोडवतात, कापड धुऊन वाळवतात आणि खोळीला जोडतात. शिवणींवर नाताळात उरलेल्या मेणबत्त्या घासतात, म्हणजे टाक्यांतून पाणी झिरपत नाही. कोणाची छत्री कुठे लागली आहे हे त्यांना तोंडपाठ आहे. उजवा खांदा थोरल्या आत्याबाईंचा, डावा पाळकसाहेबांचा, पाठीवर नणंदेच्या कॉलेजातल्या छत्रीचे गुलाब, आणि बरोबर पोटावर भाच्याच्या बालवाडीतल्या छत्रीचं हसरं अस्वल. ही खोळ खालून मोकळी असते. पुढची दोन टोकं बंदांनी हँडलला अडकवायची, मागचं कॅरियरवर सोडायचं. आत वारा खेळतो, बाहेरून पाणी ओघळतं, आणि लांबून बघणाऱ्याला एक तंबू स्वतःच्या कामाला निघाल्यासारखा दिसतो.

भिंगारला लष्कराची छावणी आहे. तिथे नव्याने आलेल्या एका जवानाने भर पावसात हा तंबू आपल्या दिशेने येताना पाहिला आणि ओरडला, "रुको! अंदर कौन है?" आबांनी आतून उत्तर दिलं, "टर्नर." जवानाचं समाधान झालं नाही. मग आबांनी खोळ वर केली, तर आत इस्त्रीचा सदरा, खिशात पेन आणि हँडलला अडकवलेला डबा. जवान स्वतः बुटापर्यंत निथळत होता. तो बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "अंकल, ये कहाँ मिलता है?" आबा हा किस्सा सांगताना 'अंकल' या शब्दापाशी थोडं थांबतात.

पाऊस वरून पडतो हा त्यांच्या मते शाळेत पसरवलेला गैरसमज आहे. "निम्मा पाऊस खालून येतो. चाकाकडं बगा." म्हणून दोन्ही मडगार्डांना त्यांनी जुन्या ट्यूबच्या रबराच्या झालरी लावल्या आहेत, पुढची तर जमिनीला टेकते की काय इतकी लांब. बूट पायात नाहीत, पिशवीत. पायात प्लास्टिकच्या चपला. "पाय भिजू द्यायचे. पायाला टावेल लागतो, बुटाला आठ दीस लागत्यात." खताच्या गोणीच्या आतला जाड प्लास्टिकचा कागद असतो ना, त्यात जादा सदरा-पँट गुंडाळून वर दोरी. खोळीखाली क्रिकेटची टोपी, म्हणजे चष्म्यावर पाणी येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई करायची नाही. पावसात आबा ज्या गतीने सायकल चालवतात त्याहून घोडेगावच्या बाजाराला निघालेली म्हैस घाईत असते. मागून हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकला ते हाताने पुढे जायची खूण करतात, पाहुण्याला 'बसा' म्हणावं तशी.

मला बघायला ही मंडळी शेवगावला आली तेव्हा आई मला भाकरी-कालवणाचं विचारत होत्या, त्यांचा मुलगा पंख्याकडे बघत होता आणि आबा घरात नव्हतेच. ते अंगणात माझ्या सायकलपाशी उकिडवे बसले होते. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "चेन कोन पुसतं?" मी म्हटलं, मीच. ते उठले, आत आले आणि आईंना म्हणाले, "झालं की. आता काय विचारायचं ऱ्हायलंय?" माझं लग्न जमलं ते असं. माझ्या नवऱ्याने मला आधी बघितलं की आबांनी सायकल, यावर आमच्यात अजून वाद आहे.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. मी मामांकडे राहून शिकले, डिप्लोमा केला. लग्नानंतर मला एमआयडीसीतच एका कारखान्यात क्वालिटीच्या विभागात नोकरी लागली. मशीनवरून आलेले भाग मोजून बघायचे, पास करायचे नाहीतर परत पाठवायचे. आमच्या माहेरच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणणारी मी पहिली. मला ते काम मनापासून आवडायचं. हातात मायक्रोमीटर घेतला की जगातली सगळी गडबड माझ्या टेबलापासून लांब उभी राहते असं वाटायचं. कंपनीची गाडी भिंगारकडे येत नाही. स्कूटी शिकायला मी एकदा गेले होते आणि छावणीच्या भिंतीशी ओळख करून घेऊन परत आले होते. राहिली सायकल. हिवाळा नि उन्हाळा सुखात गेला. पाऊस लागला तेव्हा आबांनी खोळ पुढे केली, पण पोटावर अस्वल घेऊन कारखान्यात शिरायची माझी तयारी नव्हती. मी बाजारातून छानपैकी निळा रेनकोट आणला. तो घालून मी घामाने भिजले, मग बाह्यांतून पाण्याने भिजले. कारखान्यात माझ्या ओल्या बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी चकचकीत भागांवर गंज होऊन उगवले आणि साहेबांनी मला ते एकेक करून दाखवले. त्याच आठवड्यात मी तापाने आडवी झाले.

आता सासूबाईंची एक पद्धत सांगायला हवी. त्यांना घरात कोणाला काही महत्त्वाचं सांगायचं असलं की त्या ते त्याला सांगत नाहीत, देवाला सांगतात. रोज संध्याकाळी जेवणाआधी घरची प्रार्थना आई करतात. एरवी त्यांची बोली आपली साधी गावची, पण डोळे मिटले की थेट व्यासपीठावरची भाषा. "हे स्वर्गीय पित्या, माझ्या पुत्राला ओला टॉवेल खाटेवर न टाकण्याची सुबुद्धी दे." डोळे सगळ्यांचेच मिटलेले, त्यामुळे ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं आणि उलट बोलायची सोय नाही. माझा ताप उतरला त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "हे प्रभू, ही तुझी लेक नोकरीपायी आजारी पडली. यापुढे ही भिजून घरी आली, तर त्याच दिवशी हिला नोकरीतून मोकळी कर." माझ्या नवऱ्याने "आमेन" म्हटलं. तो सगळ्यालाच म्हणतो. आबांनी भाकरी मोडायला घेतली. त्यांनी आयुष्यात आईंच्या शब्दापुढे शब्द टाकलेला कोणी ऐकला नव्हता. एका पावसावर माझी नोकरी टांगली गेली होती, आणि आमच्याकडचा पाऊस कधी येईल हे खुद्द हवामानवाल्यांना सांगता येत नाही.

सकाळी आबा टेप घेऊन दारात उभे. "हात पसर." खोळ माझ्या मापाची झाली. माझ्या सायकलला झालरी लागल्या. मला रोज घराबाहेर काढण्याआधी ते देवळासमोर वऱ्हाड निघावं तसा गाजावाजा करत. बंद तपासायचे, टोपी पुढे ओढायची. "ब्रेक दोन खांब आदी दाब. वल्ला ब्रेक आयकत न्हाई." संध्याकाळी मी आले की खुर्चीवर त्या दिवशीचं वर्तमानपत्र पसरलेलं असायचं. मी त्यावर बसायचं, उठायचं, मग आबा पेपर खिडकीपाशी नेऊन डाग शोधायचे. डाग नसला की तो पेपर आईंच्या समोर धरायचे, एक शब्द न बोलता. आई म्हणायच्या, "मला वाचाया येतंय, पर आता चष्मा न्हाई," आणि तोंड फिरवायच्या. आषाढ गेला, श्रावण गेला, मी कोरडीच. अस्वलाची मला सवय झाली, आणि कारखान्यातल्या बायका तर त्याला नावाने हाक मारू लागल्या. बोटं कोरडी, भाग कोरडे, साहेबांचा चेहरा मोकळा.

मग परतीचा पाऊस आला. आमच्याकडे जो काय खरा पाऊस पडतो तो हाच, आणि तो वारा घेऊन येतो. मी सुटून घरी निघाले होते. सीना नदीच्या पुलावर वाऱ्याने खोळ पुढून उचलली, एक बंद तुटला, आणि आत्याबाईंपासून अस्वलापर्यंत सगळं गोत उलटं होऊन माझ्या तोंडावर आलं. मी कशीबशी पाय टेकून उभी राहिले. खोळ गुलाबांच्या शिवणीत टराटरा फाटली होती. सावरेपर्यंत माझ्या अंगावर कोरडा असा दोराही उरला नाही. पुलापासून भिंगारपर्यंत मी सायकल मारत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, उद्या साहेबांना काय सांगायचं. राजीनाम्याचं वाक्यसुद्धा जुळवून झालं होतं.

आमच्या गल्लीच्या वळणावर पिठाची गिरणी आहे. तिच्या पत्र्याखाली आबा उभे होते. अंगावर अस्वलाच्या आधीची त्यांची जुनी खोळ, काखेत गोणीच्या कागदाचं गाठोडं. "वारा फिरला तवाच वळखलं मी," ते म्हणाले. "खोळ पावसासाठी हाय, वाऱ्यासाठी न्हाई. माझीच चूक. जा, आत जाऊन बदल. गिरणीवालीला सांगून ठिवलंय." गाठोड्यात टॉवेल होता, कंगवा होता, पावडरचा डबा होता. माणसाने किती विचार करावा! आणि सगळ्याच्या खाली आईंची नाताळची साडी होती. मोतिया रंगाची, जरीकाठाची, वर्षातून एकदाच चर्च बघणारी, डांबरगोळ्यांच्या वासासकट. सोबत आईंचा ब्लाउज, ज्यात मी दोनदा मावले असते.

"आबा, ही का आणलीत?"

"कपाटात सगळ्यात कोरडी हीच हुती."

पिठाच्या पोत्यांमागे उभी राहून मी ती नेसले, ब्लाउजला पिना मारल्या, केस खसाखसा पुसले. बाहेर आले तर पाऊस तसाच. खोळ एक आणि माणसं दोन. आबांनी स्वतःच्या डोक्यावरची खोळ काढली आणि माझ्यावर घातली. मी नको नको म्हणत राहिले. "तुझी नोकरी हाय, माझी न्हाई," एवढंच ते म्हणाले आणि माझी सायकल धरून पुढे चालू लागले. माझ्या सासऱ्यांना भिजताना मी पहिल्यांदा बघत होते. पाणी त्यांच्या टकलावरून कॉलरमध्ये शिरत होतं आणि ते दर चार पावलांनी दचकत होते. कसं भिजायचं हे त्यांना माहीतच नव्हतं.

दार आईंनी उघडलं. मी खोळ काढली. आत मी, नखशिखांत कोरडी, त्यांच्या नाताळच्या साडीत. आई म्हणाल्या, "ही माझी..." आणि तेवढ्यात त्यांना माझ्यामागे आबा दिसले. साडीचं राहिलं बाजूला. त्यांनी आबांना दंडाला धरून आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि पदराने त्यांचं डोकं पुसायला लागल्या. बराच वेळ पुसत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "माझ्या वख्ताला कुठं गेल्ती ही अक्कल?"

मला काही कळेना. आबा जमिनीकडे बघत होते.

"तवा मला तोंड उघडता आलं न्हाई," ते म्हणाले. "आईम्होरं. भाकरी खात बसलो हुतो नुसता."

"बसलाच हुता. मी बगत हुते."

"फुडल्या सालापास्नं शिवाया घेतलं मग."

"मग सांगायचं तरी!"

"तुझी नोकरी सुटली हुती. कुनाला सांगू?"

नंतर भाकऱ्या थापताना आईंनी मला सगळं सांगितलं. लग्नानंतर त्या एका दवाखान्यात नर्सबाईंच्या हाताखाली कामाला होत्या, लेडीज सायकलवर जायच्या. पांढरी साडी, पांढरे बूट. असाच पाऊस लागला, दोनदा भिजून आल्या, ताप आला, आणि त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, पुरे झालं. घरात कोणी काही बोललं नाही. आईंनी सायकल बहिणीला देऊन टाकली. हे सांगताना त्या रडल्या वगैरे नाहीत. फक्त म्हणाल्या, "टाके काढायला मला लई आवडायचं गं. पेशंटला कळायचंबी न्हाई." मला वाटत आलं होतं की त्यांना माझी नोकरी खुपते. त्यांना माझा ताप दिसत होता, कारण तो त्यांनी स्वतः काढला होता.

त्या संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो. आईंनी डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या," त्या म्हणाल्या, "आज या घरात एक मनुष्य भिजला. ती माझी सून नव्हती, हे तू पाहिलेस. जो भिजला त्याची नोकरी सोडवावी, तर ती आधीच सुटली आहे. म्हणून माझ्या सुनेची नोकरी तू राख. तिच्या हातांना यश दे. आणि या म्हाताऱ्याला ताप येऊ देऊ नकोस. त्याला बोलायला फार उशीर लागतो, पण मनाने तो वाईट नाही." माझ्या नवऱ्याच्या आधी, त्या घरात पहिल्यांदाच, आबा मोठ्याने "आमेन" म्हणाले. ताप त्यांना आलाच, पण दोन दिवसांत उतरला. साडीवर पिनांची भोकं राहिली, त्याबद्दल आईंनी अजून देवाला काही सांगितलेलं नाही.

मी आता त्याच विभागात कायम आहे. नव्या मुलींना भाग मोजायला शिकवते. आबांना हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून खोळ आई शिवतात आणि आबा खुर्चीत बसून चुका काढतात. मागच्या उन्हाळ्यात आईंनी स्वतःची चांगली धडधाकट छत्री उसवली आणि तिचं कापड माझ्या डोक्यावरच्या भागाला लावलं. आबा हळहळले, "आगं, ती मोडली न्हवती!" आई म्हणाल्या, "मोडायची वाट बगत बसू व्हय?"

मला आयुष्यात पुष्कळ मिळालं. पण मी कामावर कोरडी पोचावी म्हणून कोणी इतका जीव टाकेल, हे मी कधी मागायलाही धजले नसते. पावसाच्या सकाळी दोघं दारात उभी असतात. खोळ घातली की मान मागे वळत नाही, त्यामुळे ती मला दिसत नाहीत. शेजारीण सांगते, आबा हात वर करतात आणि लगेच आत जातात. आई हात वर करत नाहीत, पण मी पार दिसेनाशी होईपर्यंत उंबऱ्यातून हलत नाहीत. थांबून, उतरून त्यांना काहीतरी म्हणावं असं मला रोज वाटतं. काय म्हणावं ते मात्र जुळत नाही. म्हणून वळणावर मी दोनदा घंटी वाजवते, एकदा आबांसाठी आणि एकदा आईंसाठी.